नाक्यावर भाकरी नव्हती तो दिवस

माझ्या थोरल्या साडूंनी ज्याला आयुष्यात एकदाही धक्का दिला नाही असा माणूस हिंगोली जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो त्यांना अजून भेटलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पंचायत समितीत कारकुनी करून निवृत्त झाले आणि हिंगोली-वाशीम रस्त्यावर कनेरगाव नाक्याला घर बांधून राहिले. मूलबाळ नाही, पेन्शन चालू, घराला सावली. अशा माणसानं काय करावं? ओट्यावर बसावं, गुडघ्यांबद्दल बोलावं, येणाऱ्याजाणाऱ्याला दोन अक्कल शिकवावी. यांनी अनुदानाचा नाद धरला. स्वतःसाठी नव्हे हो! गोरगरिबांच्या वस्त्यांत छोटे धंदे उभे राहावेत, रिकाम्या हाताला काम मिळावं म्हणून सरकार पैसे देतं आणि ते कुणी न उचलता तसेच परत जातात, हे त्यांनी नोकरीत असताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसरा कुणी असता तर चुकचुकला असता आणि चहाला गेला असता. साडूंना मात्र ती गोष्ट घरातलं माणूस गेल्यासारखी लागली. तेव्हापासून त्यांना रस्त्यानं चालणारा माणूस दिसेनासा झाला. दिसायचा तो न झालेला धंदा.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. ओळख असो-नसो, समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता हातांकडे पाहत ते विचारणार, "सध्या काय करून राहिले?" या प्रश्नाला "काही नाही" असं उत्तर जो देईल त्याचं वाटोळं झालंच म्हणून समजा. लगेच तळहात पुढे, "दोन फोटो द्या." त्यामुळे त्यांच्या शर्टाच्या खिशात निम्म्या नाक्याचे पासपोर्ट फोटो असत. एकदा एका लग्नात रुमाल काढताना ते सगळे भसकन खाली पडले. नवरदेवाच्या आत्याला वाटलं, पाहुणे स्थळं घेऊन फिरतात. तिनं त्यातला एक उचलून आपल्या दुसऱ्या भाच्यासाठी पसंत केला आणि "पोरगी नाकीडोळी नीटस आहे" म्हणाली. साडू शांतपणे म्हणाले, "व्हय, पन ती शेळीपालनात हाय. लेकरं दोन हायत." आत्याबाईंनी तो फोटो असा टाकला की मला उचलायला टेबलाखाली शिरावं लागलं.

मी स्वतः यातून सुटलो असेन असं वाटत असेल तर तो तुमचा भाबडेपणा. मी हिंगोलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. एका उन्हाळ्यात साडूंनी विचारलं, सुट्टीत काय करून राहिले, आणि मी बेसावध होतो. म्हणालो, काही नाही. पुढे महिन्या-दीड महिन्यानं एक अनोळखी फोन आला. "सर, अभिनंदन. तुमच्या मधमाशा मंजूर झाल्या." मी म्हणालो, कुणाच्या? तिकडून म्हणे, तुमच्याच, पेटी घ्यायला कधी येता? मला घरातली साधी माशी हाकलता येत नाही! मी साडूंना फोन लावला तर ते उलट माझ्यावरच चिडले, "मास्तर, ते प्रशिक्षण सगळ्यांला खुलं हाय. तुमाला बसल्या जागी काम आनून दिलं तर तुमी बोंबलून काहून राहिले?" ती पेटी शेवटी शाळेच्या शिपायाच्या शेतात गेली. तो आता बाटलीत मध भरून विकतो आणि मला ओळखीत म्हणून भाव कमी करत नाही.

औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला त्यांच्याबरोबर जायचं तर आणखी वेगळी तऱ्हा. देवळाच्या वाटेवर भिक्षेकरी बसलेले असतात. लोक येताजाता नाणं टाकतात, पुण्य घेतात, पुढे जातात. साडू नाणं टाकत नाहीत. ते धोतर सावरून त्या माणसाशेजारी मांडी घालतात आणि चौकशी सुरू करतात. बँकेत खातं हाय का? हात चालतात का? काही इणता येतं का? एका म्हाताऱ्याला त्यांनी असं पिडलं की तो अखेर हात जोडून म्हणाला, "बाबा, तुमी रुपया देऊ नका, पन तकलीफ बी देऊ नका." तेव्हापासून साडू लांबून येताना दिसले की ती सगळी रांग उठून दुसऱ्या दाराला जाते. "कामवाला म्हातारा आला!" हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. साडूंना मात्र लोक आपल्याला ओळखू लागले याचाच आनंद.

आणि या माणसाचा दुसरा दोष म्हणजे खोटं बोलता येत नाही. अनुदानाच्या कामात हा दोष मोठा घातक. साखऱ्याकडच्या एका वाडीत त्यांनीच काही घरांना म्हशींचं प्रकरण मंजूर करून दिलं होतं. पाहणीचा दिवस आला तेव्हा गोठे तीन आणि म्हैस एक, असा प्रकार निघाला. साहेब पहिल्या गोठ्यात चहा पीत होते तोवर मागच्या वाटेनं तीच म्हैस दुसऱ्या गोठ्यात, मग तिसऱ्या गोठ्यात. ही रीत जुनी आहे, सगळ्यांना माहीत आहे, साहेबांनाही माहीत असते. तिसऱ्या गोठ्यात साडू म्हशीच्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, "साहेब, लवकर लिवा, हिला बी आता चालून चालून धाप लागली." सगळे गारठलेच! वाडीवाल्यांनी त्यांचं नाव टाकलं. मी म्हणालो, अहो, गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? ते म्हणाले, "मास्तर, एक खोटी म्हैस दिसली की धा खऱ्यांवर शक येतो."

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. पण आक्काच्या तेरवीला त्यांनी जे केलं त्यानं आमच्या घरातलं हसूच संपलं.

आक्का म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची, शोभाची, थोरली बहीण. एका सकाळी दळण निवडता निवडता गेली. आम्ही हिंगोलीहून पोचलो तेव्हा अंगण भरलेलं. मयत झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारच्यांनी भाकरी-पिठलं आणून घरच्यांना चार घास खायला लावायचे असतात. आमच्याकडे त्याला कडू घास म्हणतात. त्या दिवशी तो घास मागच्या बौद्धवस्तीतल्या बायांनी आणला होता. गयाबाई नावाची एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई टोपली घेऊन पुढे होती. आक्काचं त्या वस्तीत रोजचं जाणंयेणं. पण भावकीतल्या काहींची भूक ती टोपली बघून अचानक मेली. नुसते घसे खाकरले. साडूंनी हात धुतले, भाकरी मोडली आणि सगळ्यांदेखत खाल्ली. तिथवर मला ते बरोबर वाटलं. मनातून मी त्यांना शाबासकीसुद्धा दिली.

पण तेरवी! स्वयंपाक त्यांनी वस्तीतल्या बायांनाच सांगितला होता. पंगती उठल्या, सासरवाडीचा मान म्हणून मी त्यांच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर उपरणं टाकलं. आता माणूस डोळ्याला रुमाल लावणार, आपण पाठीवर हात ठेवायचा, अशी रीत. साडू टोपी तशीच वाकडी ठेवून उठले, मांडवाच्या मागं भांडी घासत बसलेल्या बायांकडे गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "हात धुवा अन् बसा सगळ्याजनी. गट स्थापन करू. धाब्यांला भाकरी पुरवायचा. दोन दोन फोटो लागतील."

माझा तर आ वासलेला तो मिटेना. शोभा उभ्या जागी पांढरीफटक पडली. बहिणीचा फोटो समोर हार घालून ठेवलेला, उदबत्ती अजून जळतेय आणि हा माणूस धंद्याचं बोलतोय! "दाजी, तुम्हाला काळीज आहे का दगड?" एवढंच ती म्हणाली आणि पायात चपलासुद्धा न घालता गाडीत जाऊन बसली. चपला मी घेऊन गेलो. त्यानंतर तिनं नाक्याचं नाव टाकलं. त्यांचा फोन आला की तो माझ्या हातात द्यायची आणि भांडी जरा जास्तच जोरात आदळायची.

गट मात्र उभा राहिला. नाक्यावर धाबे पुष्कळ. वस्तीतल्या बाया आधी एकेका धाब्यावर धुरात बसून रोजानं भाकरी थापायच्या. मालकाचा मूड असेल तर काम, नसेल तर उद्या ये. आता त्यांनी साडूंच्या घरामागच्या पडवीत आपल्याच चुली मांडल्या. अनुदानाच्या पहिल्या हप्त्यातून पत्रे, तवे, पराती आल्या. ताज्या, पापुद्रा सुटलेल्या, ज्वारीच्या भाकरी तयार मिळायला लागल्या तसे धाबेवाले खूश. त्यांनी आपापल्या भाकरीच्या चुली मोडून तिथं खुर्च्या टाकल्या. पण पीठ बाहेरून दळून आणण्यात बायांची सगळी कमाई चालली होती. स्वतःची गिरणी पाहिजे होती आणि ती दुसऱ्या हप्त्यात होती. त्या हप्त्याची अट एकच: पाहणीला साहेब येतील तेव्हा काम चालू दिसलं पाहिजे. बंद दिसलं तर प्रकरण कायमचं बंद. गिरणी आली नाही तर गट मोडणार आणि बाया पुन्हा त्या धुरात जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

पाहणीचा दिवस ठरला. साडूंचा मला फोन, "मास्तर, तुमचा मोबाइल बरा हाय, फोटो काढायला या." माझ्या आश्चर्याला पार उरला नाही तो यासाठी की शोभासुद्धा निघाली. म्हणाली, "आक्काच्या घराला कुलूप आहे का उघडं आहे, एवढं बघून येते."

आम्ही पोचलो तर पडवी थंड. एकही चूल पेटलेली नाही, तवे उपडे. गयाबाईची सासू सकाळी वारली होती. सगळा गट तिच्या दारात. साहेब कोणत्याही क्षणी येणार होते! तेवढ्यात गयाबाई स्वतःच आली, डोळे सुजलेले, पदर डोक्यावर. म्हणाली, "भाऊ, साहेब येऊन जाऊ द्या. आमी दोघी-चौघी येतो, चूल पेटवतो, चार भाकरी टाकतो. म्हातारी काय म्हननार न्हाई. तिला बी गिरणी पाह्यची व्हती."

मी मनात म्हटलं, झालं काम. ज्या माणसानं बायकोच्या तेरवीला गट काढला तो दुसऱ्याच्या सासूसाठी कशाला थांबतोय? मी मोबाइल बाहेर काढलासुद्धा.

"न्हाई," साडू म्हणाले. "आज तुह्या घरी मयत हाय. तू म्हातारीपाशी बस. आज ही चूल पेटत नसती."

"अन् गिरणी?"

"गिरणी गेली तर गेली. जाय तू."

धक्क्यांची मला सवय होती, पण हा धक्का नवीन होता. मी म्हणालो, "अहो, काय बोलताय काय तुम्ही! वर्षभराचं काम…" पण साडू ऐकायला जागेवर होतेच कुठे? ते घरात गेले आणि डब्याडुब्यांचा आवाज सुरू झाला. आत जाऊन पाहतो तर हा माणूस परातीत ज्वारीचं पीठ घेऊन बसलेला. उभ्या जन्मात ज्यानं चहा केला नाही, तो! पाणी इतकं ओतलेलं की पिठाची कढी झालेली. हात कोपरापर्यंत लडबडलेले, कपाळावर पीठ, गॅसवर तवा नुसता तापून लाल.

"हे काय चालवलंय?" मी ओरडलोच.

"कडू घास न्यायचाय," ते मान वर न करता म्हणाले. "त्यांनी माह्या घरी आनला व्हता. आता माही बारी."

शोभा दारात उभी होती. तिनं ती परात पाहिली. मग पदर खोचला, पुढे झाली आणि म्हणाली, "उठा, दाजी. त्यात कोरडं पीठ घाला आणि बाजूला व्हा. आक्कानं पाहिलं असतं तर हसून हसून मेली असती." मेली असती, हे तोंडून गेल्यावर तिनं जीभ चावली. मग तिनं भाकरी थापायला सुरुवात केली आणि साडू तिला पीठ पुरवू लागले, सांडत, सावरत.

नेमक्या त्याच वेळी जीप आली. पाहणीला एक तरुण बाई होत्या, चेहऱ्यानं कडक, उन्हानं त्रासलेल्या. थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या. आत भाकरीचा ढीग, तव्यावर एक फुगलेली, शोभाचे हात चालू. "हाच का गट?" बाईंनी विचारलं.

देवानंच पाठवलं, असं मला वाटलं. मी "हो, हो, या ना…" म्हणायला तोंड उघडलं.

"न्हाई," साडू म्हणाले. "ही माही मेव्हनी. या मास्तरची बायको, हिंगोलीची. गट आज बंद हाय. गटातल्या एकीची सासू वारली."

मला तो तवा उचलून आपल्याच डोक्यात घालावासा वाटला! म्हशीचं एक वेळ ठीक; इथं काय नडलं होतं? बाईंनी पडवीत जाऊन गार चुली पाहिल्या. "मला जे दिसतं तेच मी लिहिते," त्या म्हणाल्या. "बराबर हाय," साडू म्हणाले. "तेच लिवा." जीप निघून गेली. मी पायरीवर बसलो. शोभानं शेवटची भाकरी टाकली, निम्म्या भाकरी झाकून ठेवल्या, बाकीच्या पिठल्याबरोबर टोपलीत बांधल्या. टोपली साडूंनी डोक्यावर घेतली.

वस्तीत अंत्यविधी उरकून माणसं परतली होती. साडूंनी गयाबाईपुढे भाकरी धरली. ती म्हणाली, घास जात न्हाई भाऊ. ते म्हणाले, "मला बी जात नव्हता. तूच म्हनली व्हतीस, कडू हाय पन गिळा." तिनं घास घेतला. साहेबांचं काय झालं, हे तिनं विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. पण आमचे चेहरे तिला वाचता आले असणार.

उन्हं कलताना परत आलो तर दारात तीच जीप! बाई पायरीवर बसलेल्या, चेहरा उतरलेला. मला वाटलं, आता प्रकरण बंद केल्याच्या सहीला आल्या असतील. त्या एकदम कडाडल्या, "अहो काका, हा काय प्रकार आहे? सकाळपासून पोटात काही नाही. पहिल्या धाब्यावर गेले, आज भाकरी नाही. दुसऱ्यावर गेले, भाकरी नाही. पथ्यामुळे मला मैद्याची रोटी चालत नाही. तिसऱ्याच्या मालकाला झापलं तर तो माझ्यावरच खेकसला, मॅडम, गटाच्या बाईची सासू वारली, आज सगळ्या नाक्याला भाकरी नाही, गिऱ्हाइकं परत चाललीत, तुम्ही एकट्याच नाही उपाशी!" मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "मला दिसेल तेच लिहिते म्हणाले होते ना? दिसलं मला. काम किती चालू आहे ते आज बंद असताना दिसलं."

मी आनंदानं ओरडायचाच बाकी होतो. साडूंना मात्र हप्त्याचं काही सुचलंच नाही. "म्हंजी तुमी जेवल्या न्हाईत?" ते घाबरून म्हणाले आणि आत धावले. झाकलेल्या भाकरी निघाल्या. बाई ठेचा मागून मागून जेवल्या. जीपचा चालक संकोचून दारातच उभा होता, त्याला पाटावर बसवून साडूंनी विचारलं, "गाडीचं काम कंत्राटी का? सुट्टीच्या दिवशी काय करून राहिले?" मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, पण उशीर झाला होता. त्याच्या पाकिटात फोटो होते.

गिरणी आली. पहिल्या दळणाला आम्ही गेलो होतो. बायांनी हट्ट धरला की गिरणीवर आक्काचं नाव टाकू. साडू साफ नाही म्हणाले, "तिची भाकरी कच्ची राह्यची. गटाची बदनामी व्हईल." सगळ्या हसल्या, शोभासुद्धा. ज्वारीचं ऊन ऊन पीठ सुपात पडत होतं, गयाबाई ते ओंजळीत घेऊन नुसती हुंगत होती. घरघर जरा थांबल्यावर शोभानं इतके दिवस पोटात ठेवलेलं विचारलं. "दाजी, तेरवीच्या दिवशीच काहून? दोन दिवस थांबला असता तर काय झालं असतं?"

साडू उपरण्यानं चष्म्यावरचं पीठ पुसत राहिले. त्यानं ते आणखीच माखलं.

"तुही आक्का वर्सानुवर्सं त्या वस्तीत हिंडली," ते म्हणाले. "सगळ्या बायांला एका जागी बसवायचं म्हनायची. कवा कुनी कापसाला, कुनी हळदीला, कुनी धाब्यावर. चार आल्या तर दोन उठायच्या. रोज येऊन मला म्हनायची, आज बी न्हाई जमल्या हो. अन् त्या दिवशी पाह्यलं तर सगळ्याजनी बसलेल्या. एक बी कमी न्हाई. तिच्यासाठी आल्या व्हत्या. मंग मी म्हनलं, आता उठल्या तर पुन्ना कोनाच्या नावानं गोळा करू?"

शोभा खाली पाहत होती. तिच्या हातांनाही पीठ लागलेलं होतं. साडूंची नजर सवयीनं त्या हातांवर गेली, तिथंच थोडी रेंगाळली आणि त्यांनी अगदी हळू आवाजात, विचारावं की नाही अशा बेतानं विचारलं, "शोभा, तू सध्या काय करून राहिली?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं नसतं हे आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. शोभानं पदरानं डोळे पुसले.

"काही नाही, दाजी," ती म्हणाली.